इसिगोनिस आणि पुढची दोन चाके

जुन्या मोटारींच्या शौकिनांमधील एक वाद कधीच मिटत नाही. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तशीच जपावी, की पुढच्या चाकांखालचे जुने सस्पेन्शन काढून त्या जागी अधिक भरवशाचे बसवावे? मॉरिस मायनर बाळगणारे या वादात विशेष हिरिरीने उतरतात, आणि त्याला कारणही तसेच आहे. या गाडीच्या पुढच्या चाकाचा भार एका आटे पाडलेल्या सांध्यावर पेललेला असतो. त्याला वेळच्या वेळी ग्रीस मिळाले नाही की आटे झिजतात आणि एखाद्या दिवशी भर रस्त्यात चाक अंग टाकून देते. म्हणून कोणी तो सांधाच बदलून टाकतो, कोणी जुन्या पद्धतीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून नळीच्या आकाराचे आधुनिक बसवतो, तर कोणाला हा सारा प्रकार म्हणजे मूर्तिभंजन वाटते. गंमत अशी की, ज्यांच्या निर्मितीवर हा वाद चालतो त्या सर अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी तरुणपणी मोटारीवर स्वतःचा हात चालवला, तो एका तयार गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल उपसून त्या जागी आपल्या कल्पनेतला अ‍ॅक्सल बसवूनच.

जग त्यांना 'मिनी'चे जनक म्हणून ओळखते. इंजिन आडवे बसवण्याची त्यांची युक्ती आज कोट्यवधी मोटारींत आहे, त्यामुळे ती ओळख चुकीची नाही. पण मिनीपर्यंतची वाट पुढच्या चाकांवरून गेली आहे. ती वाट सरळ नव्हती, आणि तिचा एक फाटा थेट बंगालमधील उत्तरपाड्यापर्यंत येतो.

अ‍ॅलेक इसिगोनिस यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ रोजी स्मर्ना येथे झाला. आजचे तुर्कस्तानातील इझमिर ते हेच. त्या वेळी ते ऑटोमन साम्राज्यातील एक भरभराटीचे बंदर होते आणि ग्रीक, तुर्क, आर्मेनियन, ज्यू, इंग्रज अशी सरमिसळ वस्ती तेथे नांदत होती. आजोबांनी ब्रिटिशांनी बांधलेल्या तेथील रेल्वेच्या कामातून ब्रिटिश नागरिकत्व मिळवले होते. वडील कॉन्स्टन्टाइन हे ग्रीक वंशाचे, पण मनाने पक्के इंग्रज. त्यांचा बोटींच्या यंत्रांचा कारखाना होता. आई हुल्डा बव्हेरियन. यंत्रांच्या खडखडाटात वाढणाऱ्या या मुलाने मोटार मात्र फारशी पाहिली नव्हती. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरल्यावर कारखाना ताब्यात घेतला गेला आणि ब्रिटिश नागरिक असलेल्या या कुटुंबावर नजरकैदेची वेळ आली. युद्ध संपले, पण स्वास्थ्य परतले नाही. सप्टेंबर १९२२ मध्ये तुर्की फौजा शहरात शिरल्या आणि पाठोपाठ स्मर्ना जळाले. ब्रिटिश प्रजाजनांना जहाजातून माल्टाला हलवण्यात आले, त्यांत इसिगोनिस कुटुंब होते. घर, कारखाना, पैसा सारे मागे राहिले. वडील आजारी होते. माल्टातच त्यांचे निधन झाले. १९२३ मध्ये मायलेक इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा अ‍ॅलेक सोळा वर्षांचा होता. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे हे दोघे एकमेकांच्या आधाराने राहिले. त्यांनी लग्न केले नाही.

लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि गणितात तीनदा नापास झाले. पुढे मोठे नाव झाल्यावरही गणिताविषयीची त्यांची अढी गेली नाही. शुद्ध गणित हे सर्जनशील माणसाचे वैरी आहे, असे ते उघडपणे सांगत. हात मात्र विलक्षण होता. पट्टी न लावता काढलेली त्यांची पेन्सिलीची रेखाटने आजही संग्रहालयांतून पाहायला मिळतात. सांधा कसा हलेल, नळी कोठून वाकेल, बसणाऱ्याचा गुडघा कोठे अडेल हे सारे त्यांत दिसते. आकडे जवळपास नसतातच. आकडे मांडायला दुसरी माणसे लागत. ती मिळाली तोवर सारे ठीक चालले.

शिक्षण आटोपल्यावर काही वर्षे त्यांनी लंडनमध्ये एका अर्धस्वयंचलित क्लचच्या विक्रीचे आणि आरेखनाचे काम केले. १९३०च्या सुमारास हाती ऑस्टिन सेव्हनची 'अल्स्टर' ही शर्यतीची छोटी गाडी आली. तिच्या पुढच्या भागाने इसिगोनिस यांचे समाधान होईना, आणि त्यांनी तिला स्वतःच्या आरेखनाचा अ‍ॅक्सल बसवला. आता यात एवढे असमाधानकारक काय होते, हे समजून घेतल्याशिवाय या माणसाचे पुढचे आयुष्य समजणार नाही.

त्या काळच्या बहुतेक मोटारींची पुढची दोन चाके एका अखंड लोखंडी अ‍ॅक्सलच्या दोन टोकांना असत, बैलगाडीच्या आसाला असतात तशी. डावे चाक खड्ड्यात गेले की उजवेही कलायचे. स्प्रिंगांचे पाटे मऊ ठेवावेत तर वेगात पुढची चाके थरथरू लागत आणि स्टिअरिंग हातात नाचू लागे. म्हणून पाटे कडक ठेवत आणि त्याची शिक्षा बसणाऱ्याच्या पाठीला मिळे. शिवाय हा अ‍ॅक्सल वरखाली व्हायला मोकळी जागा लागे, म्हणून इंजिन त्याच्या मागे सरकवलेले. इंजिन मागे म्हणून माणसे आणखी मागे, थेट मागच्या अ‍ॅक्सलच्या डोक्यावर, जेथे हादरे सर्वांत जास्त. दोन्ही पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र केली, की ही सारी गाठ सुटते. स्प्रिंग मऊ ठेवता येते, इंजिन पुढे नेता येते आणि माणसे दोन अ‍ॅक्सलांच्या मधे, सुखाच्या जागी येतात. म्हणजे पुढच्या चाकांचे सस्पेन्शन बदलणे म्हणजे अख्ख्या गाडीची मांडणी बदलणे होय. अमेरिकेत जनरल मोटर्सने आणि फ्रान्समध्ये सिट्रोएनने १९३४ मध्ये हे करून दाखवले होते. ब्रिटिश कारखानदार मात्र खर्चाकडे बोट दाखवून थांबले होते.

त्याच १९३४ मध्ये इसिगोनिस कॉव्हेंट्रीच्या हंबर कंपनीत रुजू झाले आणि त्यांच्या वाट्याला नेमके स्वतंत्र पुढच्या सस्पेन्शनचेच काम आले. दोन वर्षांनी ते ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील मॉरिस मोटर्समध्ये गेले. फावल्या वेळात मित्र जॉर्ज डाऊसन यांच्यासोबत शर्यतीची एक गाडी बनवणे चालूच होते. 'लाइटवेट स्पेशल' या नावाने ओळखली जाणारी ही गाडी दोघांनी यंत्रांच्या मदतीशिवाय, हाताने घडवली. सांगाडा नव्हताच, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात लॅमिनेट केलेल्या प्लायवूडचे अंगच सांगाड्याचे काम करी. पुढची चाके स्वतंत्र, मागची स्वतंत्र, आणि लोखंडी स्प्रिंगांच्या जागी रबर. पुरी गाडी २७० किलोंच्या आतच भरली. इंजिन ऑस्टिनचे होते आणि बनवणारा मॉरिसचा नोकर, ही गोष्टही त्या काळाला साजेशी म्हणायची. रबरावर चालणारी हलकी गाडी ही वीस वर्षांनंतरच्या मिनीची रंगीत तालीम होती, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

मॉरिसमध्ये त्यांना जॅक डॅनिएल्स हे आरेखक भेटले. आकड्यांची जी उणीव इसिगोनिस यांच्यात होती ती डॅनिएल्स यांनी भरून काढली. रेखाटनातली गाडी रस्त्यावर आणण्याचे श्रेय त्यांचे आहे, आणि ते त्यांना पुरेसे मिळाले नाही. दोघांनी नव्या मॉरिस टेनसाठी कॉइल स्प्रिंगांचे एक सुटसुटीत स्वतंत्र सस्पेन्शन तयार केले. खाली एक त्रिकोणी बाहू, वर शॉक अ‍ॅब्सॉर्बरचाच दांडा दुसरा बाहू म्हणून वापरलेला. एका भागाकडून दोन कामे. १९३८ मध्ये मॉरिस टेनची 'सिरीज एम' बाजारात आली तेव्हा तिच्याखाली मात्र जुना अखंड अ‍ॅक्सल आणि पाटेच होते. खर्चाच्या हिशेबात नवे सस्पेन्शन गळले होते.

ते कागद कपाटात राहिले आणि महायुद्ध उलटून गेल्यावर बाहेर आले. १९४७ मध्ये एमजी कंपनीच्या 'वाय टाइप' या चार आसनी गाडीखाली हे सस्पेन्शन बसले. पुढे अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात जी गोष्ट घडली ती गाड्यांची मोडतोड करणाऱ्या प्रत्येकाला आवडेल अशी आहे. एमजीची दोन आसनी 'टीसी' गाडी अमेरिकेत लोकप्रिय होती, पण तिच्याखाली जुना अ‍ॅक्सल होता. तेथील मंडळींनी वाय टाइपची चासी कापून आखूड केली, तिच्यावर टीसीचे अंग चढवले आणि 'टीडी' या नव्या गाडीचा नमुना तयार झाला. कट्टर टीसीवाल्यांनी गाडी फार मऊ झाली म्हणून नाके मुरडली. खप मात्र वाढला. तेच सस्पेन्शन पुढे 'एमजीए'कडे आणि तेथून १९६२च्या 'एमजीबी'कडे गेले. एमजीबी १९८० पर्यंत बनत होती आणि पाच लाखांवर गाड्या निघाल्या. १९३८ साली महाग म्हणून नाकारलेली गोष्ट बेचाळीस वर्षांनंतरही नव्या गाडीखाली बसत होती.

आणि ज्या मॉरिस टेनमधून ते काढून टाकले गेले, ती? ती आपल्याकडे आली. बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सची 'हिंदुस्तान १०' म्हणजे हीच सिरीज एम. ब्रिटनमध्ये खर्चापायी राहून गेलेला जुना अ‍ॅक्सल असा भारतीय रस्त्यांच्या वाट्याला आला. कसर लवकरच भरून निघाली, पण त्यासाठी आधी मायनरकडे वळायला हवे.

युद्धाच्या धामधुमीत, मॉरिसचे माइल्स थॉमस यांच्या पाठबळावर, इसिगोनिस यांनी एका छोट्या गाडीचे काम सुरू केले होते. सोबत डॅनिएल्स आणि अंगाचे काम पाहणारे रेग जॉब, एवढीच काय ती फौज. या गाडीच्या पुढच्या चाकांसाठी त्यांनी सिट्रोएनप्रमाणे टॉर्शन बार निवडले. टॉर्शन बार म्हणजे पोलादाचा सरळ दांडा. त्याचे एक टोक चाकाच्या बाहूला, दुसरे गाडीच्या तळाला घट्ट. चाक वर उचलले की दांड्याला पीळ बसतो आणि तो पीळच स्प्रिंगचे काम करतो. दोन दांडे लांबीच्या दिशेने जमिनीलगत निघून जात असल्याने गाडीचे नाक मोकळे राहिले, इंजिन पुढे सरकले, आत जागा झाली. रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंगने गाडी हाताला चटकन वळू लागली. सारे ठरल्यावर इसिगोनिस यांना ती अरुंद वाटू लागली. त्यांनी नमुना गाडी मधोमध कापायला लावली, दोन तुकडे दूर सरकवत नेले आणि प्रमाण डोळ्यांना पटले तेथे थांबले. अंतर भरले चार इंच. मायनरच्या बॉनेटवर मधोमध जो उंचवटा दिसतो तो त्या चार इंचांचा. तयार झालेले बंपर फुकट जाऊ नयेत म्हणून तेही कापून मधे ठिगळ लावले गेले.

कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांना ही गाडी मुळीच आवडली नाही. त्यांनी तिची तुलना अंड्याच्या एका पदार्थाशी केली. तरीही ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती लोकांपुढे आली, आणि डिसेंबर १९६० मध्ये दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली. एकूण सुमारे सोळा लाख निघाल्या. प्रारंभी ज्या आटे पाडलेल्या सांध्याविषयी लिहिले तो याच गाडीचा. उत्तम कल्पनेच्या पोटात राहिलेली ती एक उणीव होती. ग्रीसची पिचकारी नियमित चालवणाऱ्यांना ती कधी जाणवली नाही, आणि न चालवणाऱ्यांना महागात पडली.

त्याच प्रदर्शनात मायनरची मोठी बहीण मॉरिस ऑक्सफर्ड होती, तिच्याखालीही टॉर्शन बार. ती भारतात 'हिंदुस्तान १४' झाली. तिच्या पुढच्या आवृत्त्यांतून 'लँडमास्टर' आणि नंतर 'अ‍ॅम्बेसेडर' आली. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत राहिली. मुंबईत टॅक्सीचा मान फियाटकडे होता, पण मंत्रालयाच्या आवारात रांगेने उभ्या असलेल्या पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी नकळत इसिगोनिस यांच्या कामाचे वंशज पाहिले आहेत. आपल्या खड्ड्यांतून ती गाडी ज्या संथपणे डुलत जाई, त्याचा एक धागा काउलीच्या त्या छोट्या खोलीशी जुळतो.

१९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन एकत्र येऊन बीएमसी ही कंपनी झाली. विलीनीकरणात आपले काय होईल याची धास्ती घेऊन इसिगोनिस अल्व्हिस कंपनीत गेले. तेथे त्यांनी व्ही-८ इंजिनाची एक मोठी आलिशान गाडी रचली. ती बाजारात आलीच नाही. मात्र या काळात अ‍ॅलेक्स मोल्टन यांच्याशी त्यांची मैत्री फळाला आली. मोल्टन हे रबराच्या धंद्यातील घराण्याचे वारसदार. रबराला स्प्रिंग बनवायचे, इतकेच नव्हे तर पुढची आणि मागची चाके द्रवाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडायची, ही त्यांची कल्पना होती. एका मायनरखालची लोखंडी स्प्रिंग-व्यवस्था काढून ती रबरावर बसवण्याचा प्रयोगही झाला.

१९५५च्या अखेरीस बीएमसीच्या लेनर्ड लॉर्ड यांनी इसिगोनिस यांना बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजला परत बोलावले. पुढच्याच वर्षी सुएझचे संकट आले, ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि रस्त्यावर जर्मन बनावटीच्या बुडबुड्यासारख्या गाड्या दिसू लागल्या. त्यांचा लॉर्ड यांना मनस्वी तिटकारा. मार्च १९५७ मध्ये त्यांनी बाकी कामे बाजूला ठेवून खरीखुरी छोटी मोटार करायला सांगितले. अट एकच: इंजिन घरचेच हवे.

त्यानंतरची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. दहा फूट लांबीची गाडी, आडवे इंजिन, त्याच्या पोटात गिअरबॉक्स, पुढच्या चाकांना गती, अवघी दहा इंचांची चाके. पण एवढ्या चिमुकल्या चाकांवर चार माणसांचे ओझे पेलायचे कसे? साधी स्प्रिंग एकट्या चालकाला योग्य असेल तर चौघे बसल्यावर गाडी जमिनीला टेकणार. उत्तर मोल्टन यांच्या रबरी शंकूत होते. रबर जसजसे दाबले जाते तसतसे कडक होत जाते, आणि जागा मुठीएवढी लागते. चाचण्यांत एक अडचण निघाली. सस्पेन्शनचे हादरे थेट पत्र्यात जाऊन अंगाला तडे जाऊ लागले, म्हणून पुढे आणि मागे वेगळ्या सबफ्रेम द्याव्या लागल्या. खर्च वाढला. २६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी विक्रीला आली, तेव्हा तिची किंमत ४९६ पौंड होती. एवढ्या किमतीत ती विकणे परवडतेच कसे, हा प्रश्न प्रतिस्पर्धी फोर्डलाही पडला. त्यांनी एक मिनी सुटी करून हिशेब मांडला आणि ती तोट्यात विकली जात असल्याचा निष्कर्ष काढला. गणिताशी असलेले जुने वैर असे बदला घेत होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण किंमत ठरवणारे इसिगोनिस नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मिनीला कीर्ती मिळाली. जॉन कूपर यांच्या हट्टाने तिची वेगवान आवृत्ती निघाली. इसिगोनिस यांना आधी ती कल्पना फारशी रुचली नव्हती, पण तिने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. १९६२च्या मॉरिस ११०० मध्ये मोल्टन यांचे द्रवाने जोडलेले 'हायड्रोलॅस्टिक' सस्पेन्शन आले आणि ती गाडी कित्येक वर्षे ब्रिटनमध्ये खपात पुढे राहिली. १९६४ मध्ये मिनीचेही रबरी शंकू काढून हायड्रोलॅस्टिक बसवले गेले. पाच वर्षांत हिशेबनिसांनी पुन्हा रबराकडे जायला लावले. आजही हायड्रोलॅस्टिक मिनीचे काही मालक नळ्या काढून शंकू बसवतात. कंपनीनेच तो रस्ता दाखवला होता.

१९६७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९६९ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. पण त्याआधीच, १९६८ मध्ये, बीएमसीचा वारसा ब्रिटिश लेलँडमध्ये विलीन झाला होता आणि तांत्रिक प्रमुखपद त्यांच्या हातून गेले होते. विशेष प्रकल्पांचे संचालक असे मानाचे नाव देऊन त्यांना बाजूला बसवण्यात आले. त्या वेळी त्यांच्या टेबलावर '९एक्स' होती: मिनीपेक्षा आखूड, तरी आतून अधिक ऐसपैस, कमी भागांची, स्वस्तात बनेल अशी. या गाडीत त्यांनी स्वतःच गाजवलेले रबर सोडले होते, सबफ्रेमही काढून टाकल्या होत्या आणि साध्या पोलादी स्प्रिंगा घेतल्या होत्या. मिनीतल्या खर्चाच्या चुका त्यांना कळल्या होत्या आणि त्या दुरुस्त करण्याची तयारीही होती. माझ्या मते त्यांच्या कारकीर्दीतील हे सर्वांत प्रामाणिक काम. नव्या व्यवस्थापनाने ते बंद केले.

१९७१ मध्ये ते निवृत्त झाले, तरी सल्लागार म्हणून काम चालू होते. १९७२ मध्ये आई गेली. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन भागातील घरात ते एकटे राहू लागले. बागेत वाफेवर धावणाऱ्या खेळण्यातल्या आगगाड्या होत्या, मेकॅनोचे तुकडे होते. हिंडणेफिरणे कमी होत गेले, तरी गिअर नसलेल्या मिनीचा प्रयोग त्यांनी सोडला नाही. लाँगब्रिजहून माणसे घरी येत, रेखाटने घेऊन जात. २ ऑक्टोबर १९८८ रोजी, ८२वा वाढदिवस दीड महिन्यावर असताना, त्यांचे निधन झाले.

मिनी त्यांच्यानंतर आणखी बारा वर्षे चालली. ऑक्टोबर २००० मध्ये लाँगब्रिजहून शेवटची गाडी बाहेर पडली, तोवर ५३ लाखांहून अधिक निघाल्या होत्या. त्या शेवटच्या गाडीच्या पुढच्या चाकांखाली रबराचे शंकूच होते.